दिसली रेघ की शाई

"ही काय आहे, जंगम?" तात्यांनी पेन्सिल स्टोअरकीपरच्या नाकाखाली धरली.

"पेन्सिल."

"कुठली?"

"नगरपालिकेची."

"अहो, एचबी आहे ही! मी फोर एच मागितली होती."

शिवलिंग जंगम शांतपणे पान चघळत होते. गाव पेटलं तरी त्या माणसाचं पान अर्ध्यात थुंकलं जायचं नाही. "फोर एच, टू एच, एच, एचबी. चार तऱ्हा लिहिल्या होत्यात मागणीपत्रात. शाळा काढताय का काय? कमिटीत ठरलं, पेन्सिल म्हणजे पेन्सिल. एकच जात घ्या, कटकट नको. बारा ग्रोस आणल्यात, सतराशेवर नग. रिटायर होईपर्यंत पुरतील तुम्हाला."

"सहा महिन्यांनी रिटायर होतोय मी!"

"मग उरतील."

मी माझ्या तिरक्या टेबलामागं तोंडात पदर कोंबून बसले होते. हसू दिसलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. त्यातली बरीच माणसं अजून हयात आहेत, आणि एकदोघं तर अजून निवडणुकीला उभी राहतात. तात्या, म्हणजे मोरेश्वर गद्रे, आमच्या नगरपालिकेचे हेड ड्राफ्ट्समन. मी लीलावती बनकर, ट्रेसर. ट्रेसर म्हणजे काय, तर तात्यांनी पेन्सिलीनं नकाशा काढायचा, मी त्यावर पारदर्शक कागद टाचायचा आणि शाईनं गिरवायचा. मग त्याच्या निळ्या प्रती निघायच्या, त्यावर सह्या व्हायच्या आणि त्याबरहुकूम गटारं, मुताऱ्या, शाळेच्या खोल्या बांधल्या जायच्या. सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते, त्यातला पाचवा चालू होता. तात्यांनी 'काम समाधानकारक' एवढे दोन शब्द लिहिले की मी कायम, नाही लिहिले की घरी. आणि घरी काय होतं? बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, शिलाई मशीनवर धूळ, आणि पाठच्या दोन बहिणी. ती नोकरी गेली असती तर चूल विझली असती, इतकं सरळ होतं ते.

तात्यांचा हात मात्र देवाघरचा होता. ते पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे. कर्कटक फिरवला तर वर्तुळ जिथं सुरू झालं तिथंच येऊन मिटायचं, केसाचाही फरक नाही. पण त्यांचे नेम कडक. जी रेघ नुसती आधाराला काढायची आणि नकाशात राहायची नाही, ती कच्ची. ती फोर एचनं काढायची, म्हणजे टणक शिशानं, इतकी फिकी की जवळ वाकल्याशिवाय दिसू नये. पक्की रेघ एचनं. आणि एचबी फक्त अक्षरांना. "एचबीनं रेघ ओढणं म्हणजे काजळाच्या डबीत बोट घालून रांगोळी काढणं," असं ते म्हणायचे.

गंमत अशी की त्यांच्याकडं एक अस्सल फोर एच होती. चष्म्याच्या डबीत, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली. ऑफिसच्या वेळात ते तिनं लोकांच्या पत्रिका मांडायचे. चौकोन, चौकोनाचे कर्ण, मध्ये शंकरपाळा, बारा घरं, अगदी देखणी. मी एकदा न राहवून म्हटलं, "तात्या, तीच वापरा ना नकाशाला."

"घरची पेन्सिल सरकारी कामाला? उद्या म्हणाल घरनं टेबल आणा!"

मी गप्प बसले. मला गप्प बसवायला त्यांना फार वेळ लागायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम भरला होता. मी एका गटाराच्या नकाशात उतार उलटा पडलाय असं बोलून गेले होते. तो खरंच उलटा होता, पण मी चार माणसांसमोर बोलले. तात्या लालबुंद झाले. "बाई, ट्रेसरनं डोकं वापरायचं नाही. डोकं वापरायला वर माणसं आहेत. दिसली रेघ की शाई. कळलं?" कळलं. ते गटार पुढं उलटंच बांधलं, आणि कोष्ट्यांच्या आळीत अजून पाणी माघारी येतं.

तर बागेत हौद बांधायचा ठरला. नगराध्यक्ष आण्णासाहेब खराडे यांचं लाडकं काम. मंत्री उद्घाटनाला येणार होते. हौद षटकोनी, साधा, मध्ये एक कारंजं, बस्स.

षटकोन काढायची रीत अगदी सोपी. वर्तुळ काढायचं. कर्कटक तेवढाच उघडा ठेवून त्याच्या काठावर एकापुढं एक टेकवत गेलं की बरोबर सहा ठिपके पडतात. ते जोडले की झाला षटकोन. ठिपक्याला नखाएवढी खूण पुरते. पण तात्या आर्ट स्कूलचे. ते दर ठिपक्यावर सुई टेकवून अख्खा कंस फिरवायचे, काठापासून निघून मधल्या बिंदूवरनं पलीकडच्या काठाला भिडणारा. म्हणायचे, सहाही कंस मध्यातून गेले की समजावं षटकोन बिनचूक. फोर एचनं काढलेले ते कंस नंतर असून नसल्यासारखे व्हायचे.

या वेळी फोर एच नव्हती. जंगमांनी आणलेली काळी, मऊ एचबी होती, आणि हात जन्मभर टणक शिसं दाबून ओढायला सवकलेला. रेघा उमटल्या त्या कोळशानं ओढल्यासारख्या. वर्तुळ काळं, सहा कंस काळे, षटकोनही काळा. कच्ची कुठली आणि पक्की कुठली, देवालाही कळलं नसतं.

तात्यांनी ते बघितलं आणि त्यांचं टाळकं सरकलं. "थांब, त्या जंगमला आता दाखवतोच!" शीट माझ्या टेबलावर आदळली आणि ते टेबलावरच्या पेन्सिलींचा गठ्ठा बगलेत मारून निघाले.

"तात्या," मी विचारलं, "हे आतले कंस? हे पण ओढायचे का शाईनं?"

ते दारात होते. वळलेसुद्धा नाहीत. "पाच महिने झाले तरी तेच! काय सांगितलंय मी?"

"दिसली रेघ की शाई."

"मग?"

मी शाईची दौत उघडली.

पुढं काय झालं ते सांगायला नकोच. माझ्या नकाशावर तात्यांनी 'तपासले' म्हणून सही केली, डोळा जंगमांच्या खोलीकडं ठेवून. नगर अभियंत्यांनी स्कूटरवर बसल्या बसल्या सही केली. मुख्याधिकारी तांबोळी साहेबांनी सत्तर कागदांच्या थप्पीत सही केली. आणि यल्लाप्पा गवंडी नकाशा घेऊन बागेत गेला.

हौदाभोवती कनात लावली होती, धूळ उडू नये म्हणून. उद्घाटनाच्या तीन दिवस आधी ती सोडली. आम्ही सगळे बघायला गेलो, आणि तात्या जागच्या जागी थिजले.

साधा हौद नव्हताच तो. बाहेर गोल कट्टा, त्याच्या आत षटकोनी भिंत, आणि तिच्या आत सहा वळणदार भिंती, गुडघ्याएवढ्या उंच, एकमेकींना छेदत मध्यावर एकत्र आलेल्या.

"यल्लाप्पा," तात्या कट्ट्याशी वाकले, "हे काय बांधलंस?"

"नकाशात हाय ते." यल्लाप्पानं कागद उलगडून दाखवला. "रेघा सहा, भित्ती सहा. लई तरास दिला बगा वळणानं, इटा तासून तासून बोटं गेली."

"अरे, विचारायचं तरी!"

"कुणाला? वर एवड्या सह्या हायत. आमी अडाणी मानसं, शिकल्याल्यांना काय विचारनार?"

आम्ही ऑफिसात परतलो. दोन दिवसांनी चौकशी ठेवली असा निरोप आला.

चौकशीच्या दिवशी दुपारी डबा खाऊन परतले तर तात्यांच्या टेबलावर खोडरबराचा भुगा. शर्टावर भुगा, मिशीत भुगा. समोर हौदाची मूळ शीट, आणि तिच्यावर फक्त एक षटकोन. कंस नाहीत, वर्तुळ नाही. धुतल्यासारखी स्वच्छ.

"तात्या!"

त्यांनी वर बघितलं नाही. "बाई, तुम्ही तरुण आहात. कुठंही मिळेल तुम्हाला काम. माझे पाच महिने राहिलेत हो. आत्ता ठपका आला तर पेन्शन लटकेल."

"आणि माझ्या बापानं काय खायचं?"

"मी लिहून दिलंय," ते भुगा झटकत पुटपुटले. "मूळ आराखड्यात नसलेल्या रेघा ट्रेसरबाईंनी स्वतःच्या मनानं घातल्या, असं. वाईट वाटून घेऊ नका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं मला डोकं वापरू दिलं नाही, तो आता लिहून देत होता की मी डोकं वापरलं! तिथंच त्यांची मिशी भुग्यासकट उपटावी असं वाटलं. पण रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

तांबोळी साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. साहेब, तात्या, मी, आणि पेन्सिलींचा विषय निघाला तर असावेत म्हणून जंगम. साहेबांनी तात्यांचा कागद मोठ्यानं वाचला. मग शीट पाहिली, मग नकाशा पाहिला. सह्यांच्या रकान्यावरनं त्यांची नजर फार भरकन गेली, कारण तिथं त्यांचीही होती.

"बनकरबाई, काय म्हणणं आहे तुमचं?"

"साहेब, रेघा शीटवर होत्या."

"आहेत कुठं?"

"खोडल्या."

"पुरावा?"

तात्या खिडकीबाहेर बघत होते. मी शीट उचलली आणि उजेडात धरली. त्या क्षणापर्यंत जे सुचलं नव्हतं, ते एकदम सुचलं. शीटमध्ये उजेडाचे सात ठिपके लुकलुकत होते. मध्ये एक, कोपऱ्यांवर सहा. कर्कटकाच्या सुईची भोकं! रबरानं शिसं जातं, भोकं कशी जातील? आणि तात्यांचा तो जड हात. रेघ पुसली तरी कागदात चर राहणारच. लहानपणी बहिणीनं मैत्रिणीला चिठ्ठी लिहून फाडून नेली की मी वहीच्या खालच्या पानावर पेन्सिल आडवी घासायची. सगळं पान काळं व्हायचं आणि तिची अक्षरं पांढरी उठून दिसायची.

"साहेब, मला एक पेन्सिल मिळेल?"

जंगमांनी तत्परतेनं कानावरची काढून दिली. "एचबी. कशालाही चालते."

मी पेन्सिल आडवी धरली. तात्यांनी मान वळवली. त्यांना कळलं. चाळीस वर्षं कागदात घालवलेला माणूस, त्यांना कळणारच. चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगते, मला त्या वेळी काडीचीही दया आली नाही. पेन्सिल कागदाला टेकणार तोच धाडकन दार उघडलं.

"तांबोळी! अहो तांबोळी! बागेतनं आलो आत्ता!" आण्णासाहेब खराडे. धोतराचा सोगा हातात, कपाळावर घाम. आम्ही सगळे उभे राहिलो. साहेब चाचरत म्हणाले, "आण्णासाहेब, त्याचीच चौकशी चालू आहे, जबाबदार व्यक्तीवर कडक—"

"कसली चौकशी? पाणी सोडून बघितलं मी. फूल आहे फूल! सहा पाकळ्यांचं! पाणी पाकळ्यापाकळ्यांनी भरत जातंय, मधनं कारंजं. आमच्या मंडळींना घेऊन गेलो तर त्यांनी हातच जोडले. अख्ख्या जिल्ह्यात असा हौद नाही. मी तुम्हाला साधा सहाकोनी सांगितलेला, हे डोकं कुणाचं?"

आण्णासाहेबांनी सोग्यानं कपाळ पुसलं.

"उद्या मंत्र्यांच्या हातनं शाल द्यायची आहे त्याला. नाव सांगा, निमंत्रणपत्रिका छापणारा खाली उभा आहे."

तांबोळी साहेब त्या खुर्चीत उगाच नव्हते बसले. त्यांनी घसा साफ केला आणि हातातला तोच कागद पुन्हा वाचला, पण आता चाल निराळी. "गद्र्यांचा लेखी अहवाल आहे, आण्णासाहेब. सदर रेघा मूळ आराखड्यात नव्हत्या, त्या बनकरबाईंनी स्वतःच्या मनानं घातल्या."

"वा! पोरी, शाबास!"

"नाही हो!" तात्या पुढं सरसावले. "ते कंस माझे आहेत! मी काढलेत! आर्ट स्कूलची रीत आहे ती!"

"कुठं आहेत?" आण्णासाहेबांनी शीट ओढून घेतली. उलटी केली, सुलटी केली. "ह्यात तर काही नाही."

"खोडलेत. म्हणजे, खाली खुणा आहेत. चर आहेत." तात्या माझ्याकडं वळले. त्यांचे हात जोडल्यासारखे झाले होते. "बाई, घासा ना. घासा ती पेन्सिल. तुम्हाला माहीत आहे. एकदा घासा!"

मी हातातल्या पेन्सिलीकडं बघितलं. मग शीटकडं. मग पेन्सिल जंगमांना परत दिली.

"तात्या," मी म्हटलं, "ट्रेसरनं डोकं वापरायचं नाही. दिसली रेघ की शाई. मला इथं काही रेघ दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी शाल मिळाली. मरून रंगाची, काठाला जर. तात्या तिसऱ्या रांगेत बसले होते आणि टाळ्या वाजवत होते, कारण समोर मंत्री होते. 'काम समाधानकारक' हे दोन शब्द आण्णासाहेबांनी स्वतः लिहून घेतले त्यांच्याकडनं. मी कायम झाले. बापाचं ऑपरेशन झालं. पाच महिन्यांनी तात्या रिटायर झाले, बिनठपक्याचे, पेन्शनसकट. फोर एच चष्म्याच्या डबीतून त्यांच्याबरोबर घरी गेली. जाताना ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही काही हाक मारली नाही.

हौद अजून आहे. कट्ट्यावर संगमरवरी पाटी आहे, 'संकल्पना: श्रीमती ली. बनकर'. शाळेच्या सहली येतात, नवराबायको फोटो काढतात.

तात्या गेल्याचं कळलं तेव्हा मी स्वतः हेड ड्राफ्ट्समन होते. मूळ शीट जुन्या नळकांड्यात पडून होती, ती घरी आणली. रविवारी दुपारी पाटावर पसरली आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागले, जपून, चुलीला पोतेरं घालतात तशी. काळ्यातून एकेक पाकळी पांढरी वर आली. सहाही कंस बरोबर मध्यातून गेलेले. केसाचाही फरक नाही. कुठं हात थांबलेला नाही, कुठं कापलेला नाही. मी ट्रेसिंग, ड्रॉइंग सगळं केलं पस्तीस वर्षं, पण असा कंस माझ्या हातून एकदाही उतरला नाही. पदरानं डोळे पुसले तर पदरही काळा झाला.

आता मघाशी एक गोष्ट राहिली सांगायची. त्या दिवशी तात्या दारात असताना मी विचारलं ना, हे कंस ओढायचे का म्हणून? मी आयटीआयला ड्रॉइंगमध्ये पहिली आले होते. कच्ची रेघ मला झोपेतही ओळखू आली असती. ते वळले असते, एकदा नीट बोलले असते, तर मी ते कंस सोडले असते. ते वळले नाहीत. मी दौत उघडली आणि एकूण एक कंस गिरवला, मन लावून, एकही न चुकवता.

घासायला पेन्सिल त्याच गठ्ठ्यातली होती. जंगम म्हणाले होते तसे, उरल्याच.